मुक्त टोपॉलॉजिकल सदिश अवकाश: मुक्ततेचे मोल

एखाद्या संचातील बिंदूंना आधार मानून त्यांचे सांत रेषीय संयोग घेतले, की सदिश अवकाश तयार होतो. त्या संचावरून दुसऱ्या कोणत्याही सदिश अवकाशात जाणारे फलन या नव्या अवकाशावर रेषीय रूपात वाढवता येते, आणि तेही एकाच प्रकारे. बीजगणिताचे काम एवढ्यावर भागते. खरा प्रश्न पुढे येतो तो मूळ संच नुसता संच नसून टोपॉलॉजिकल अवकाश असतो तेव्हा. अशा ‘क्ष’ या अवकाशावरील मुक्त अवकाशाला अशी टोपॉलॉजी हवी, की क्षवरून कोणत्याही टोपॉलॉजिकल सदिश अवकाशात जाणाऱ्या प्रत्येक संतत फलनाचा रेषीय विस्तारही संतत राहावा. क्ष टिखोनोव्ह प्रकारचा असेल, म्हणजे त्यातील प्रत्येक बिंदू संवृत असून कोणताही बिंदू आणि त्या बिंदूला न सामावणारा संवृत संच संतत फलनाने वेगळे काढता येत असतील, तर ही मागणी पुरी होते. क्ष आपली मूळ टोपॉलॉजी जशीच्या तशी राखून मुक्त अवकाशात संवृत उपसंच म्हणून बसतो.

या विचाराचा उगम आंद्रेय मार्कोव्ह (धाकटे) यांच्या १९४१ मधील टिपणात आहे. त्यांचा मुख्य विषय होता मुक्त टोपॉलॉजिकल गट. सविस्तर सिद्धता १९४५ मध्ये आल्या. पुढची कित्येक दशके अभ्यासकांचे लक्ष गटांवर आणि स्थानिक बहिर्वक्र मुक्त अवकाशांवर राहिले. शून्याच्या प्रत्येक परिसरात एखादा बहिर्वक्र परिसर सापडतो, तो अवकाश स्थानिक बहिर्वक्र. ही अट सोयीची आहे, कारण तिच्यामुळे उपावकाशावरील संतत रेषीय फलनांचा विस्तार देणाऱ्या हान–बानाख प्रमेयाचे सारे बळ हाताशी येते. पण ती अट आपण बाहेरून घातलेली असते. ती काढून टाकल्यावर जो अवकाश उरतो, त्याचा पद्धतशीर अभ्यास साक गॅब्रिएल्यान आणि सिडनी मॉरिस यांच्या २०१७ च्या लेखात झाला. अधिक मूलभूत वस्तू हीच आहे. तिच्याकडे लक्ष जायला झालेल्या विलंबाचे कारण गणितात नाही, सवयीत आहे.

बहिर्वक्रतेची अट काढल्याने नेमके काय बदलते, हे विविक्त अवकाशात सर्वांत स्वच्छ दिसते. तिथे प्रत्येक बिंदू स्वतंत्र असल्याने प्रत्येक फलन संतत असते. ज्यांच्या सहगुणकांच्या निरपेक्ष किमतींच्या वर्गमुळांची बेरीज १ पेक्षा कमी आहे, अशा सदिशांचा संच घ्यावा. हा शून्याचा परिसर आहे. आधार गणनीय असेल, तर क्रमाने वेगाने लहान होत जाणाऱ्या मर्यादा सहगुणकांवर घालून या संचात बहिर्वक्र परिसर बसवता येतो. आधार अगणनीय असेल, तर ते अशक्य ठरते. शून्याच्या कोणत्याही बहिर्वक्र परिसरात प्रत्येक आधार-सदिशाचा काही धन गुणक असतोच. आधार अगणनीय असल्यामुळे एखाद्या ठराविक न साठी अनंत आधार-सदिशांचे १/न पट त्या परिसरात सापडतात. त्यांपैकी म सदिशांची सरासरी घेतली तर बहिर्वक्रतेमुळे तीही परिसरातच राहते. पण तिच्या सहगुणकांच्या वर्गमुळांची बेरीज म/न चे वर्गमूळ इतकी असते, आणि म वाढवत नेला की ती हवी तितकी मोठी होते. गॅब्रिएल्यान आणि मॉरिस यांचे प्रमेय याहून पुढे जाते: क्ष हा क-अवकाश असेल, म्हणजे त्याची टोपॉलॉजी त्याच्या कॉम्पॅक्ट उपसंचांवरून पूर्ण ठरत असेल, तर मुक्त अवकाश स्थानिक बहिर्वक्र असण्यासाठी क्ष विविक्त आणि गणनीय असणे आवश्यक व पुरेसे आहे. [०, १] या साध्या रेषाखंडावरील मुक्त अवकाशही या कसोटीला उतरत नाही.

मुक्ततेचे दुसरे मोल अंतराच्या रूपाने द्यावे लागते. नैसर्गिक संख्यांवरील मुक्त अवकाशात शून्याचे परिसर गणनीय यादीत मावत नाहीत. तशी उतरती यादी आहे असे मानले, तर तिच्या न-व्या परिसरातून न-व्या आधार-सदिशाचा एक धन गुणक निवडता येतो. हा क्रम शून्याकडे जायला हवा. पण प्रत्येक सहगुणकावर त्या गुणकाच्या निम्मी मर्यादा घातली, की त्या क्रमातील एकही सदिश न सामावणारा परिसर मिळतो. क्ष अनंत असेल तेव्हा त्यावरील मुक्त अवकाशात नैसर्गिक संख्यांवरील मुक्त अवकाशाची संवृत प्रत असतेच. म्हणून अनंत क्षवरील कोणत्याही मुक्त अवकाशाची टोपॉलॉजी अंतर-फलनातून मिळत नाही.

बेअरचा गुणधर्मही टिकत नाही; म्हणजे अंतर्भाग नसलेले संवृत संच मोजण्याजोग्या संख्येने घेऊन सारा अवकाश व्यापता येऊ नये, ही अट मोडते. जास्तीत जास्त न बिंदूंचे संयोग असलेले सदिश संवृत संच बनवतात. क्ष अनंत असल्यास अशा कोणत्याही संचाला अंतर्भाग नसतो, आणि अशा मोजण्याजोग्या संख्येच्या संचांनी सारा अवकाश व्यापलेला असतो.

पण या तोट्यांपलीकडे एक भरीव लाभ आहे. क्ष कॉम्पॅक्ट असेल तर मुक्त अवकाश वाढत्या कॉम्पॅक्ट संचांच्या साखळीने भरतो, आणि एखादा संच संवृत आहे की नाही हे त्या प्रत्येक संचावर तपासले की पुरते. या नियंत्रणामुळे अनपेक्षित निष्कर्ष हाती येतात. लायडरमन आणि मॉरिस यांनी दाखवले, की रेषाखंडावरील मुक्त अवकाशात कोणत्याही सांत मितीच्या घनावरील मुक्त अवकाशाची प्रत सापडते. याच कुळातील मुक्त आबेली गटांबद्दलचा निष्कर्ष १९९७ मध्ये कोल्मोगोरोव्ह यांच्या अध्यारोपण प्रमेयातून मिळाला होता. अनेक चलांचे संतत फलन एका चलाच्या फलनांच्या बेरजा घेऊन व ती एकात एक घालून उभे करता येते, असे ते प्रमेय सांगते.

मात्र रेषीय रचना क्षचा आकार पुसून टाकते, असा याचा अर्थ नाही. कुक यांच्या नावाने ओळखला जाणारा एक कॉम्पॅक्ट, एकमितीय अवकाश आहे. त्याच्या दोन सुट्या प्रतींवरील मुक्त अवकाश एका प्रतीवरील मुक्त अवकाशात उपावकाश म्हणूनही बसत नाही.