इंद्रायणीत टाकलेली खते

लोणी काळभोरहून यवतच्या पिठले-भाकरीकडे निघालेली तुकोबांची पालखी कासुर्डी फाट्यावरून पुढे सरते, तेव्हा मला गाथेपेक्षा त्यांनी बुडविलेल्या कर्जखतांचेच स्मरण अधिक होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात दिवाळे निघाले, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. पुढे वडिलार्जित सावकारीची खते भाऊ कान्होबाशी निम्मी वाटून घेऊन आपला हिस्सा त्यांनी इंद्रायणीत टाकला, असे परंपरा सांगते. ऋणको सुटले, आणि दप्तरी वसुलीचा कागदच न उरल्यामुळे धनकोचाही गतकाळावरील दावा आपोआप खारीज झाला. भावाचा हिस्सा मात्र त्यांनी बिनतक्रार त्याच्या हवाली केला. ते योग्यच, कारण दुसऱ्याच्या जिवावर विठ्ठलभरोसे राहणे, माझ्या मते, श्रद्धेत जमा धरता येत नाही. तरीही उद्याच्या दाण्यागोट्याची विवंचना त्यांच्या दुसऱ्या पत्नी जिजाबाईंच्याच पदरी पडली, हे चरित्रकारांनी लपविलेले नाही.