वैरण न लागणारे घोडे

पानिपतच्या तीन लढायांपैकी आपण मराठी माणसं तिसरीतच अडकून पडतो, आणि ते साहजिकही आहे. आज थोडं दुसरीकडे पाहू. ५ नोव्हेंबर १५५६. दिल्ली जिंकून बसलेला हेमू हत्तीवर होता, लढाई त्याच्या बाजूला झुकत चालली होती. तेवढ्यात त्याच्या डोळ्यात बाण घुसला. सेनापती दिसेना, तशी फौज फुटली आणि दुपार संपायच्या आत हिंदुस्थानच्या राज्याचा निकाल लागला. ज्याच्या नावाने ही लढाई झाली, त्या अकबराला नुकतं पंधरावं लागलं होतं.

या पोराने खरी तलवार पाहिली होती, खरं रक्त पाहिलं होतं. मग त्याला गोष्ट कुठली आवडावी? अमीर हमजाची! राक्षस, जादूगार, मंतरलेले किल्ले, आकाशातून नेणाऱ्या पऱ्या आणि दर चार पानांना एक झुंज. दरबारखान नावाचा त्याचा कथेकरी शिकारीच्या मुक्कामावरही बरोबर असे. १५६४ मध्ये नरवरच्या जंगलात हत्ती धरून दमलेला बादशहा त्याच्याकडून हमजाची गोष्ट ऐकत बसला, अशी नोंद अबुल फजलने करून ठेवली आहे. ऐकून भागेना, म्हणून अकबराने ती रंगवून घेतली. १५६२च्या सुमारास काम सुरू झालं आणि पंधराएक वर्षं चाललं. सुती कापडावर चौदाशे चित्रं, एकेक दोन फुटांहून उंच, आणि मागच्या बाजूला मजकूर. मुघल चित्रशाळा खऱ्या अर्थाने उभी राहिली ती या कामावर. त्यातली दोनशेही आज शिल्लक नाहीत. काही तर एकोणिसाव्या शतकात श्रीनगरच्या एका जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात खिडकीची भोकं बुजवायला लावलेली सापडली. ती आता लंडनच्या संग्रहालयात आहेत.

तलवार आणि जादूच्या धावत्या कथांना आपण ‘पोरांचं वाचन’ म्हणून बाजूला सारतो, तेव्हा मला हा वाचक आठवतो. ज्याचं आयुष्य घटनांनी खच्चून भरलेलं होतं, त्यालाही या गोष्टी हव्याशा का वाटाव्यात?

एक प्रसंग पाहा. हमजाच्याच परंपरेतली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही उर्दू दास्तान लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून छापायला घेतली. तिच्यात हमजाचा सोबती अमर ऐयार आहे. हा ना राजा, ना योद्धा. वेषांतर करणारा, चोरटा, लोभी आणि पक्का कंजूष गडी. त्याच्या खांद्याला झंबील नावाची एक झोळी. तिच्यात काहीही मावतं, अगदी शहरंच्या शहरं मावतात. समोर डोंगर हलवणारा जादूगार उभा आहे. अमर गाणारणीचा वेष घेतो, मैफलीत शिरतो, दारूत भुलीची पूड टाकतो, जादूगार कोसळला की त्याचं मुंडकं उडवतो. त्याच क्षणी काळोख दाटतो, वादळ सुटतं आणि आकाशातून आवाज येतो, मला मारलं, माझं नाव अमुक होतं. ते ओसरेपर्यंत अमर मेलेल्याच्या अंगावरचे दागिने झोळीत टाकून पसारही झालेला असतो.

या दोन-तीन पानांत वाचकाला काय काय मिळालं? बलाढ्याला युक्तीने लोळवता येतं, हा दिलासा. अन्याय करणाऱ्याचं नाव चारचौघांत पुकारलं जातं, हे समाधान. शिवाय निकाल लगेच, डोळ्यांसमोर. आपल्या जगण्यात यातलं एकही वेळेवर मिळत नाही. दिवाणी दावा एका पिढीत लागतो आणि दुसरीत निकाली निघतो. वरिष्ठाने केलेला अपमान गिळून घरी यावं लागतं. कष्टाचं फळ मिळालंच तर इतक्या उशिरा, की कशाचं फळ ते आठवू नये. या कथा कष्ट आणि फळ यांच्यातलं अंतर काढून टाकतात. त्यांचा वेग म्हणतात तो हाच. नुसत्या पळापळीने तो येत नाही. पान उलटायच्या आत कृतीला उत्तर मिळतं, म्हणून येतो.

म्हणूनच या गोष्टी लिहिणारे आणि वाचणारे बहुधा जागच्या जागी अडकलेले असतात. आपल्या नाथमाधवांचंच घ्या. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं नाव. ऐन विशीत शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. त्यानंतर ते लेखक झाले. ‘वीरधवल’सारख्या अद्भुतरम्य कादंबरीने मराठी वाचकांच्या पिढ्यांना रात्र रात्र जागवलं, ती अंथरुणाला खिळलेल्या माणसाची निर्मिती. शिवकालावरच्या त्यांच्या कादंबऱ्यांत माणसं गड चढतात-उतरतात, घोडे फेकतात. लेखकाला मात्र खोलीचा उंबरा ओलांडायलाही दुसऱ्याचा आधार लागत होता. तिकडे अमेरिकेत रॉबर्ट हॉवर्डचा कोनन १९३२ मध्ये छापून आला, तो महामंदीत सापडलेल्या टेक्सासमधल्या एका लहानशा गावातून. काशीच्या देवकीनंदन खत्रींनी १८८८ मध्ये ‘चंद्रकांता’ लिहिली. पुढे तिच्या ‘संतति’चे चोवीस भाग निघाले. ती वाचता यावी म्हणून लोक नागरी लिपी शिकले, असं हिंदीत आजही कौतुकाने सांगतात. आणि १९५२ पासून मराठीत येऊ लागलेल्या ‘चांदोबा’ची वाट पाहिलेले वाचक आता आजी-आजोबा आहेत. त्यातल्या मांत्रिकांच्या, पाताळदुर्गांच्या लांबलचक मालिका मूळ तेलुगूत दासरी सुब्रह्मण्यम लिहीत. मद्रासच्या कचेरीत बसून त्यांनी ही चित्तथरारक दुनिया वर्षानुवर्षं उभी केली, आणि मालिकेवर त्यांचं नावही नसे. ‘पुढे चालू’ या दोन शब्दांवर कित्येक घरांतली मुलं महिनाभर तग धरत.

यावर आक्षेप आहेच, आणि तोही पानिपतच्याच मातीतला. उर्दूतले मोठे कवी आणि टीकाकार ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली १८३७ मध्ये याच गावी जन्मले. १८५७ नंतरची दिल्लीची वाताहत त्यांनी पाहिली होती. १८९३ मध्ये त्यांनी कवितेवरचा आपला प्रसिद्ध ‘मुकद्दमा’ लिहिला. साधेपणा, वास्तव आणि आवेश या तीन गोष्टी कवितेत हव्यात, हे त्यांचं मागणं. अतिशयोक्तीचा त्यांना तिटकारा होता. ज्या समाजाचं सगळं हातचं गेलं आहे, त्याने हवेतले महाल रंगवत बसू नये, अशी त्यामागची तळमळ. दुखावलेल्या माणसाचा हा आक्षेप आहे, त्याला हसून उडवता येत नाही. गंमत एवढीच, की हाली हे लिहीत होते तेव्हा लखनौच्या छापखान्यात दास्तानीचे जाडजूड खंड एकामागून एक निघत होते आणि लोक ते विकत घेत होते. बुडालेल्या समाजाला हालींचं आवाहनही हवं होतं आणि अमरची झोळीही हवी होती.

हालींचं म्हणणं कुठे खरं ठरतं, हे पाहायला मात्र आपल्या लढाईकडे परत यावं लागतं. १४ जानेवारी १७६१ ही तारीख आपण विसरत नाही. दर वर्षी त्या दिवशी पानिपतच्या काला आंबला मराठी माणसं जमतात. पण त्या एका दिवसाच्या आधी अडीच महिने गेले होते, तिकडे आपलं लक्ष कमी. नोव्हेंबरपासून मराठ्यांची छावणी पानिपतला अडकून पडली होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दाण्यागोट्याची उरलीसुरली आशा संपली. थंडी, उपासमार, तडफडून मरणारी जनावरं, फौजेबरोबर आलेले हजारो बिनलढाऊ लोक. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून फौज बाहेर पडली. पानिपत तलवारीइतकंच पिठाने आणि वैरणीने ठरलं. जादूच्या कुठल्याही गोष्टीत घोड्याला वैरण लागत नाही.

हे सत्य पचवणं फार अवघड होतं. मग महाराष्ट्राने काय केलं? आपणच एक दास्तान रचली. विश्वासराव गोळी लागून पडले. ते पाहून भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून गर्दीत शिरले. नंतर त्यांचा देह ओळखण्यात आला, तरी भाऊ निसटले, परत येणार, असं लोक म्हणत राहिले. पत्नी पार्वतीबाईंनी पतीचं मरण मानलंच नाही. आणि मग खरोखरच ‘भाऊ’ आले. या तोतयाला पकडून रत्नागिरीला कैदेत ठेवलं, तरी १७७६ मध्ये तो तिथून सुटला, माणसं जमवली आणि कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या हाती गेले. किल्ले लढून पडले कमी, विश्वासाने उघडले जास्त. पुण्याच्या कारभाऱ्यांना फौज पाठवून हे बंड मोडावं लागलं आणि त्याच वर्षी तोतयाला पुण्यात ठार करण्यात आलं. हरलेला नायक वेष पालटून परततो, ही ऐयारीच्या कादंबरीतली नेहमीची कलाटणी लोकांनी खऱ्या राज्यकारभारात खरी मानली, तेव्हा तिची किंमत जिवंत माणसांनी मोजली.

अद्भुत कथेचा दोष असा नव्हेच. ती स्वतःला अद्भुत म्हणवून घेते. झोळीत शहर मावतं असं सांगणारा कुणाला फसवत नाही. ऐकणारा आणि सांगणारा दोघेही हा करार जाणून असतात. अकबरही जाणत होता. हमजा ऐकून उठल्यावर महसुलाची मोजणी कशी करायची, याचा विचार करताना त्याने झंबीलवर भरवसा ठेवला नाही. घोटाळा होतो तो आपण इतिहासाकडून कादंबरीचा वेग मागू लागतो तेव्हा. मग पानिपतात आपल्याला एक फितूर पुरतो, एक हुकलेला क्षण पुरतो, एक अपशकुन पुरतो. अडीच महिन्यांचा दाणागोटा वाचायचा कंटाळा येतो. राजकारणातही मग आपण अमर ऐयारच शोधतो, जो एका रात्रीत जादूगाराचं मुंडकं आणून देईल. दास्तान वाचण्याची भूक दास्तानीवर भागवली नाही, तर ती नको त्या ठिकाणी तोंड घालते.

म्हणून माझं मत उलट आहे. या गोष्टी भरपूर वाचाव्यात, लाज न बाळगता वाचाव्यात. सकाळच्या लोकलमध्ये तीन जादूगार मारून कचेरीत शिरलेला माणूस दिवसभराची संथ कटकट जास्त शांतपणे सोसतो. चटकन मिळणारा न्याय त्याला गोष्टीत मिळालेला असतो, त्यामुळे खऱ्या न्यायाला लागणारा वेळ द्यायला तो तयार असतो.

घरातलं पोर अभ्यासाचं पुस्तक वर धरून आत तलवारीची आणि मंत्रतंत्राची मालिका वाचताना सापडलं, तर ती हिसकावून घेऊ नका. पुढचा भाग आणून द्या. तेच पोर सोळा-सतरा वर्षांचं झालं, की त्याच्या हातात त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ ठेवा. दोन्ही पुस्तकं घरात असू द्यात, फक्त कुठलं कशासाठी आहे ते त्याला सांगा.