निर्दोष, तरीही उत्तरदायी

हातून अनर्थ घडला, परंतु मनात दुष्ट हेतू नव्हता. अशा माणसाला दोषी म्हणावे काय? पापनिवेदनापूर्वी मनाची झडती घेताना हा प्रश्न अनेकांना पडतो. लहानसहान प्रसंगांत त्याचे उत्तर चटकन सापडते. अनर्थ मोठा असेल आणि माणूस गुणवान असेल, तर मात्र बुद्धी घुटमळते. रॉनल्ड बिशप या ब्रिटिश अभियंत्याचे स्मरण करताना असेच होते.

बिशप १९२१ साली डी हॅविलंड या विमान कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाले आणि १९३६ मध्ये तेथील मुख्य संकल्पक झाले. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले ‘मॉस्किटो’ हे लाकडी विमान त्यांचेच. युद्धानंतर त्यांनी ‘कॉमेट’ घडविले. २७ जुलै १९४९ रोजी हॅटफिल्ड येथे ते प्रथम आकाशात झेपावले आणि २ मे १९५२ रोजी लंडन-जोहान्सबर्ग मार्गावर जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली. हे विमान सुमारे ४०,००० फूट उंचीवरून जाई. तेथील हवा इतकी विरळ, की प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून आत हवा दाबून भरावी लागे. प्रत्येक उड्डाणात विमानाचा पातळ पत्रा ताणला जाई आणि उतरताना पुन्हा सैल पडे.

मग आघात सुरू झाले. २ मे १९५३ रोजी, सेवेच्या पहिल्याच वाढदिवशी, कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून निघालेले कॉमेट काही मिनिटांत वादळात मोडून पडले. ४३ जण दगावले. दोष वादळावर गेला. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले दुसरे कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. ३५ जण गेले. कॉमेटची उड्डाणे थांबविण्यात आली, विमानांत अनेक सुधारणा झाल्या आणि २३ मार्च रोजी उड्डाणे पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिलला नेपल्सजवळ आणखी एक कॉमेट २१ जणांसह नाहीसे झाले.

तेव्हा फार्नबरो येथे सर आर्नल्ड हॉल यांच्या मार्गदर्शनाखाली अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर दाबाचे आघात पुनःपुन्हा करण्यात आले. आधीची उड्डाणे जमेस धरता सुमारे ३,००० फेऱ्यांनंतर पत्रा फाटला. धातू थकला होता. खिडक्यांच्या कोपऱ्यांशी ताण अपेक्षेपेक्षा फार अधिक होता. एल्बाजवळच्या समुद्रातून काढलेल्या अवशेषांतही विमानाच्या छपरावरील अँटेनाच्या खिडकीपाशी भेग सापडली.

बिशप यांनी चाचणी घेतली नव्हती काय? घेतली होती, आणि तीही नियमाने मागितल्यापेक्षा कठोर. घात तेथेच झाला. ज्या भागावर थकव्याची चाचणी केली, त्याच भागावर आधी फार मोठा दाब देऊन पाहिला होता. त्या दाबाने कोपऱ्यांतील धातू किंचित ताणला जाऊन अधिक टिकाऊ बनला. त्यामुळे चाचणीतील नमुना सुमारे १८,००० फेऱ्या टिकला; एल्बाचे विमान मात्र सुमारे १,३०० उड्डाणांतच फुटले. सावधगिरीनेच सावध माणसाला फसविले.

ख्रिस्तसभेची शिकवण अशी, की गंभीर पापासाठी गंभीर बाबीसोबत पूर्ण ज्ञान आणि मनःपूर्वक संमती लागते. येथे दोन्हींचा अभाव होता. मात्र संत थॉमस अक्वायनस अज्ञानाला सरसकट माफी देत नाहीत. जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते, ते हयगयीने जाणून घेतले नाही, तर ते अज्ञानच पाप ठरते. या कसोटीवर १९४९ चे बिशप निर्दोष ठरतात असे मला वाटते. जे त्या काळी शोधता येण्याजोगे होते, ते त्यांनी प्रामाणिकपणे शोधले होते.

२३ मार्चचा निर्णय अधिक अवघड आहे. तो एकट्या बिशप यांचा नव्हता. कंपनी, विमानसेवा आणि शासन त्यात सहभागी होते. नंतर लॉर्ड कोहेन यांच्या चौकशीत कोणावरही हयगयीचा ठपका आला नाही. तरी मन अडखळते. एल्बापूर्वी त्यांना आपले अज्ञान ठाऊक नव्हते. एल्बानंतर ते ठाऊक होते. खरे कारण हाती आलेले नसताना संभाव्य कारणांवर उपाय करून माणसे पुन्हा आकाशात नेण्यात आली. ही माणसे निर्दय नव्हती. संस्थापक सर जेफ्री डी हॅविलंड यांचे दोन पुत्र स्वतःच्याच कंपनीच्या विमानांत, १९४३ आणि १९४६ साली, प्राणास मुकले होते. तरीही आपल्या कृतीवरील प्रेम आणि स्पर्धेची घाई सज्जनांनाही ‘आता ठीक असेल’ असे म्हणायला लावते. आपल्या घरांत, दवाखान्यांत, बांधकामांवर हेच वाक्य रोज उच्चारले जाते.

सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे प्रभू येशूने विचारले. मेलेल्यांच्या माथी पाप मारण्याची सवय त्याने मोडली आणि जिवंतांना पश्चात्तापाची हाक दिली. बुरूज बांधणाऱ्यांसाठी या हाकेचा अर्थ काय? दोष नसला तरी ऋण उरते, असा मी तो घेतो. कॉमेटच्या बाबतीत हे ऋण काही अंशी फेडले गेले. चौकशी उघडपणे झाली आणि तिचे निष्कर्ष प्रतिस्पर्ध्यांनाही मिळाले. सुधारलेले कॉमेट ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकपार जाऊ लागले. त्याच महिन्यात अमेरिकेचे बोइंग ७०७ सेवेत आले आणि बाजारपेठ त्याने जिंकली. सत्य सांगण्याची किंमत मोजावी लागते, ती अशी.

बिशप १९८९ साली निवर्तले. त्यांचे स्मरण गौरवाने करावे, पण एकट्याचे करू नये. नोव्हेंबरात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा कर्तृत्ववान आणि अनामिक अशी निवड करीत नाही. पहिल्या जेट प्रवासी विमानाच्या शिल्पकारासोबत एल्बा आणि नेपल्सच्या समुद्रात गेलेल्या ५६ जणांनाही त्या प्रार्थनेत जागा असावी. आज आपली मुले परदेशी जातात आणि सुखरूप उतरतात, त्यात या सर्वांचा वाटा आहे.