पेठेतील घर आणि आपण

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज म्हणत. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःची जागा, ओळखीचा गवंडी आणि हळूहळू वर येणाऱ्या भिंती असत. आज आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे घर बांधत नाहीत, विकत घेतात. विकत घेताना आपण भाव, कर्जाचा हप्ता, चटई क्षेत्र आणि नळाचे पाणी यांची चौकशी करतो. ती केलीच पाहिजे. परंतु कोणाच्या शेजारी राहावे आणि आपल्या येण्याने कोणाला जावे लागेल, हे प्रश्न नीतीचे आहेत. ते विक्रेता विचारत नाही आणि बँकही विचारत नाही.

जालना शहराकडे पाहिले की हे प्रश्न ठळक होतात. कुंडलिका नदीने या शहराचे दोन भाग केले आहेत : जुना जालना आणि नवीन जालना. ‘नवीन’ म्हणजे पूर्वीचे कादराबाद. तेव्हा त्याचे नवेपणही आता पुष्कळ जुने झाले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या बाजारपेठेमुळे रूढ झाली, ती पेठ अजून गजबजलेली आहे. पुढे बियाण्यांचा आणि लोखंडाच्या सळयांचा व्यवसाय वाढला, १९८१ साली जिल्हा झाला, २०२२ साली समृद्धी महामार्ग शहराजवळून गेला. प्रत्येक वेळी शहराच्या कडेची शेते थोडी मागे सरली आणि तेथे प्लॉटचे दगड रोवले गेले.

साहजिकच तरुण कुटुंबे बाहेर पाहतात. तेथे उजेड आहे, मोटारसायकल उभी करायला जागा आहे, फाटक आहे. पेठेतल्या घराची भिंत शेजाऱ्याशी सामायिक असते, जिना अंधारा असतो आणि खालच्या मजल्यावर दुकान असते. परंतु बाहेरचे सर्वच प्लॉट सारखे नसतात. शेतजमिनीचे गुंठे पाडून, अकृषिक परवानगी न घेता, मुद्रांकाच्या कागदावर विकलेल्या जागा मराठवाड्यातील बहुतेक शहरांभोवती आहेत. २००१ साली त्यांच्यासाठी गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच त्यांचा पसारा कळतो. त्या घेणारा बहुधा मजूर असतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात त्याची सारी मिळकत जाते, आणि गटार व नळ यांची वाट त्याने वर्षानुवर्षे पाहावयाची. यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुप्याला घेतले तेव्हा साक्षीदार आणले, एक खत मोहरबंद केले, एक उघडे ठेवले आणि दोन्ही मातीच्या भांड्यात जपून ठेवविली. नगराला शत्रूचा वेढा पडला असतानाही त्याने कागदपत्रांत कसूर केली नाही, हे आपल्या तरुण जोडप्यांना सांगावेसे वाटते.

आता पेठेतल्या घराकडे वळू. खरा पेच तेथे आहे.

समजा, एका गल्लीतले दुमजली घर विक्रीस आहे. चर्च, शाळा, दवाखाना, भाजीबाजार सर्व पायी जाण्याच्या अंतरावर. घेणारे कुटुंब आपल्यासारखेच, नोकरीचे आणि कर्ज काढणारे. घराचा भाव आश्चर्य वाटावे इतका कमी आहे, कारण खाली एक शिंपी चाळीस वर्षे भाड्याने बसला आहे. दलाल हलक्या आवाजात सांगतो, “त्याचे काय, नंतर बघता येईल.”

या ‘नंतर बघता येईल’मध्ये काय काय येते हे सर्वांना ठाऊक आहे. नळ बंद होतो, संडासाला कुलूप लागते, छप्पर गळू दिले जाते आणि एके दिवशी इमारत धोकादायक ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये घरमालकाला स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी जागा मागता येते. पण न्यायालय तेथे आणखी एक गोष्ट तोलते : जागा सोडल्याने भाडेकरूचे जास्त हाल होतील की न सोडल्याने मालकाचे? नीतिशास्त्राचा ग्रंथ उघडावा आणि हाच प्रश्न सापडावा, इतका तो योग्य आहे.

दुसरी बाजूही खोटी नाही. बाहेर स्वतःचा प्लॉट असताना नाममात्र भाड्यावर पेठेतली खोली अडवून ठेवणारे भाडेकरू आम्ही पाहिले आहेत, आणि त्या भाड्यावर औषधही न मिळणाऱ्या वृद्ध मालकिणीही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या पत्रात कामगाराने बचत करून घेतलेल्या जमिनीचे समर्थन केले. ती त्याची मजुरीच होय, रूप तेवढे बदललेले. तेव्हा मालकी हे पाप नव्हे. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी आणि उपयोग यांत भेद केला. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे आपले. तिचा उपयोग करताना मात्र ती सर्वांची आहे असे मानून गरजवंताला वाटा द्यावयाचा.

हा भेद त्या घराला लावून पाहा. घराचा भाव कमी का झाला? शिंपी तेथे आहे म्हणून. म्हणजे त्याला राहू देण्याचा मोबदला खरेदीदाराने खरेदीखताच्या दिवशीच घेतला आहे. पुढे त्याच शिंप्याला हुसकावले तर एकच किंमत दोनदा वसूल होते, आणि दुसरी वसुली ज्याच्या हाती काही नाही त्याच्याकडून होते. जागा खरोखरच हवी असेल तर वाचलेल्या रकमेतला न्याय्य वाटा त्याच्या नव्या दुकानासाठी द्यावा. तो द्यावयाचा नसेल तर त्याला राहू द्यावे. तिसरा मार्ग आम्हांला दिसत नाही.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात एक चमत्कारिक वाटणारा नियम आहे. तटबंदीच्या नगरातले घर विकले तर वर्षाच्या आत सोडवून घ्यावे, नाहीतर ते कायमचे घेणाऱ्याचे. तटबंदी नसलेल्या खेड्यातले घर मात्र शेतासारखे मानावे; योबेल वर्षी ते मूळ मालकाकडे परत जाते. हा भेद कशासाठी? आम्हांला असे वाटते की खेड्यातले घर शेताशी, म्हणजे पोटाशी बांधलेले असते. नगरातले घर बदलता येते. मग त्या शिंप्याची खोली कशात मोजावी? ती पेठेच्या मधोमध आहे खरी, पण त्याचे गिऱ्हाईक, उधारी, ओळख सारे त्या ओट्याशी बांधलेले आहे. आमच्या मते ती खोली शेतच आहे.

आणखी एक विचार कधीकधी कानी येतो : आपली अशी वेगळी वसाहत असावी. जालन्याला या विचाराची जुनी साक्ष आहे. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत जमीन मिळवून जालन्याजवळ ख्रिस्ती गाव वसविले आणि त्याला बेथेल, म्हणजे ‘देवाचे घर’, हे नाव दिले. ते प्रॉटेस्टंट मिशनचे. पण आपण त्यांच्याकडून शिकू शकतो. गावकुसाबाहेर ज्यांना राहावे लागे, त्यांना गावात मधोमध घर मिळावे यासाठी ते गाव होते. मुंबईत वांद्र्याला कॅथलिक कुटुंबांनी सहकारी गृहसंस्था काढल्या, त्याही गरजेतून. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, एका समाजापुरते सभासदत्व ठेवणे सहकारी संस्थेला कायद्याने शक्य आहे, असा निर्णय दिला. पण आडनाव ऐकून किंवा स्वयंपाकघराची चौकशी करून ज्यांना घर नाकारले जाते, त्यांत आपलेही लोक असतात. ते दुःख जाणणाऱ्याने आपल्या फाटकावर तीच पाटी लावावी काय? आमचे उत्तर नाही असे आहे. ज्यांना आजही कोठे जागा मिळत नाही त्यांच्यासाठी वसाहत काढावयाची असेल, तर गोष्ट वेगळी.

त्या दुमजली घरात कुटुंब राहावयास गेले की धर्मगुरू गृहाशीर्वादासाठी येतील आणि प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडतील. खालच्या दुकानात जावे की नाही, हे शिंप्याला आधी विचारावे. त्याचा धर्म वेगळा असेल, त्याची इच्छा. पेढे मात्र त्याच दिवशी त्याच्या हाती पडावेत, आणि महिना संपला की भाड्याची पावती त्याच्या नावाने फाडली जावी.