सोडलेल्या घराचे ऋण

देहाला भाड्याचे घर म्हणण्याची आपल्या कीर्तनकारांची चाल जुनी आहे. धन्याचे बोलावणे आले की खोली रिकामी करून चालू लागावे, असे बुवांनी गंभीर स्वरात सांगितले म्हणजे श्रोत्यांतील घरमालक आणि बिऱ्हाडकरू दोघेही सारख्याच भक्तिभावाने मान डोलावतात. आणि त्याच महिन्यात, भिंतीला पडलेल्या खिळ्यांच्या भोकांवरून व अनामत रकमेतून कापलेल्या रंगाच्या पैशांवरून, एकमेकांस वकिलांकरवी नोटिसा धाडतात. या विसंगतीला दंभ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दोष श्रोत्यांपेक्षा दृष्टान्तात अधिक आहे असे माझे मत आहे. घर सोडावे लागते, एवढेच त्या दृष्टान्तात सांगितलेले असते. ते कोणत्या स्थितीत सोडावे, जाताना काय न्यावे, काय ठेवावे आणि मागे राहणाऱ्याने जाणाऱ्याचे काय परत करावे, याविषयी तो मौन पाळतो. अनित्यतेचा उपदेश करणाऱ्यांना हिशेबाचा सहसा कंटाळा असतो, आणि धर्माचा बिकट प्रश्न तर बहुधा हिशेबापाशीच उभा राहतो.

तो प्रश्न असा, की जी वस्तू माझी नाही, परंतु जी माझ्याच वस्तूप्रमाणे वापरण्याची मला मोबदला घेऊन मुभा दिली गेली, ती वापराने झिजली तर त्या झिजेचे ऋण कोणाच्या माथी बसावे? इंग्रजी अमदानीत झालेला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आजही अमलात आहे, आणि उभयपक्षी वेगळा करार किंवा स्थानिक रूढी नसेल तेव्हा लागू होणाऱ्या त्याच्या १०८ व्या कलमात या प्रश्नाचे दोन तुकडे शेजारी शेजारी पडलेले दिसतात. सामान्य समजुतीचा मनुष्य स्वतःची मिळकत जशी वापरील तशी ही मिळकत भाडेकरूने वापरावी, असे ते कलम एके ठिकाणी म्हणते. आणि दुसऱ्या ठिकाणी सांगते की मुदत संपल्यावर ती घेतली होती तशाच चांगल्या स्थितीत परत करावी, मात्र रास्त वापराने झालेली झीज व अनिवार आपत्तीने झालेले फेरफार यांतून वगळावेत. स्वतःची समजून वाग आणि स्वतःची न समजता सोडून दे, ही एकाच माणसाला एकाच श्वासात केलेली आज्ञा ज्याने लिहिली तो मसुदेकार वेदान्ती असण्याचा संभव नाही. तथापि उपभोग आणि अनासक्ती यांची जी सांगड घालण्यासाठी आपल्या आचार्यांनी भाष्यांमागून भाष्ये रचली, तिची व्यवहारातली मागणी याहून नेमक्या शब्दांत क्वचितच मांडली गेली असेल.

या मागणीचे आचरणात रूपांतर कसे करावे, याचा सर्वांत तपशीलवार विचार मला गृहस्थांच्या धर्मशास्त्रात न सापडता भिक्षूंच्या नियमांत सापडला, याचे प्रथम आश्चर्य वाटते. ज्यांना घरच नाही त्यांना घर सोडण्याचे नियम कशाला हवेत? परंतु बौद्ध विनयपिटकाच्या चुल्लवग्गात निवासाला येणाऱ्या, तेथे राहणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या भिक्षूंची कर्तव्ये स्वतंत्रपणे सांगितली आहेत, आणि निघणाऱ्याची कर्तव्ये घालून देण्याचे कारणही तेथेच नमूद आहे: काही भिक्षू लाकडी व मातीची भांडीकुंडी न आवरता, दारेखिडक्या उघड्या टाकून, कोणालाही न विचारता चालते झाले, आणि मागे सामानाची नासाडी झाली. म्हणून नियम झाला की निघणाऱ्याने सामान आवरावे, दारेखिडक्या लावाव्यात आणि निवास कोणाच्या तरी हवाली करूनच पाऊल उचलावे. भिक्षू नसेल तर श्रामणेराला सांगावे, तोही नसेल तर विहाराच्या सेवकाला, आणि तोही नसेल तर एखाद्या उपासकाला. कोणीच नसले तर चार दगडांवर मंचक ठेवावा, त्यावर दुसरा मंचक, पीठावर पीठ, आणि सर्वांवर अंथरूण-पांघरूण रचून ठेवावे; जमिनीची ओल व वाळवी यांपासून ते वाचावे हा हेतू उघडच आहे. विहार गळत असेल तर शक्य असल्यास स्वतः शाकारावा, नाहीतर तो शाकारला जाईल अशी खटपट करावी. आणि सगळेच छप्पर गळत असेल तर, जमल्यास सामान गावात नेऊन ठेवावे, न जमल्यास ते उघड्यावर रचून गवताने वा पानांनी झाकावे, या आशेने की निदान त्याचे सांगाडे तरी शिल्लक राहतील.

या नियमांत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. निघणारा भिक्षू ज्या मंचकाची काळजी घेतो तो त्याचा नाही. ज्याच्यासाठी ती काळजी घेतो तो अजून आलेलाही नाही, आणि आला तरी दोघांची गाठ पडण्याची शाश्वती नाही. त्याच्याकडून कोणी अनामत घेतलेली नसते; सामान कुजले म्हणून कापून घेण्याजोगे त्याच्यापाशी काही नाही. तरीही पाचित्तिय नियमांत, संघाच्या मालकीचे अंथरूण पसरून ते न आवरता व कोणाला न सांगता निघून जाणे हा कबुली देण्याजोगा अपराध ठरविला आहे. अपरिग्रहाचा अर्थ वस्तूंविषयी बेपर्वाई असा करणाऱ्या सर्व विरक्तांना हे उत्तर आहे. स्वतःच्या वस्तूची हेळसांड करणारा फार तर मूर्ख ठरतो. ‘माझे काहीच नाही’ असे म्हणून दुसऱ्याच्या वस्तूची हेळसांड करणारा आपल्या वैराग्याचा खर्च परभारे दुसऱ्याच्या नावे टाकतो.

पावसाळ्यात भिक्षू एका ठिकाणी राहत, त्या वर्षावासांच्या खुणा महाराष्ट्रात डोंगरोडोंगरी आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा जो लेख आहे, त्यात लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंच्या चीवरांसाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवल्याची नोंद आहे, आणि प्रत्येक भिक्षूला बारा कार्षापण मिळावेत असे म्हटले आहे. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस आणि वीस भिक्षूंचे बारा बारा मिळून दोनशे चाळीस, हा हिशेब सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरला गेला असूनही आज कोणत्याही कारकुनास पैशाचीही चूक न दाखविता येईल इतका चोख आहे. याखेरीज आणखी एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवले होते. ही मूळ रक्कम कधीही परत द्यावयाची नाही, केवळ तिचे व्याज भोगावयाचे, असे त्या दात्याने स्वतःच लिहून ठेवले. आमचे काही घरमालक अनामत रकमेविषयी हीच समजूत दात्याची संमती न घेता करून घेतात, एवढाच काय तो फरक.

अनामतीकडे वळले की वादाचे पारडे उलटे फिरते, आणि हे उलटणे दोन्ही पक्षांच्या ध्यानात क्वचितच येते. भाडेकरू घरमालकाचे घर सांभाळतो हे सर्वांना दिसते. घरमालक त्याच मुदतीत भाडेकरूचे धन सांभाळीत असतो, हे मात्र पावतीखेरीज कोठेही दिसत नाही. मनुस्मृतीने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाचे स्थान आहे, आणि तेथील निर्णय कमालीचा समतोल आहे: सोपविलेली ठेव जो परत करीत नाही तो, आणि न ठेवताच जो मागतो तो, असे दोघेही चोरासारखे दंडनीय होत. चोरांनी नेलेली, पाण्याने वाहून गेलेली किंवा अग्नीत जळलेली ठेव भरून देण्याचे बंधन राखणाऱ्यावर नाही, जर त्याने तीतून स्वतः काही काढले नसेल तर. दैव आणि काळ यांनी जे नेले त्याची वसुली माणसाकडून करू नये, हे तत्त्व येथे ठेव राखणाऱ्याच्या बाजूने सांगितले आहे. आणि घर राखणारा भाडेकरू हाही एका अर्थी ठेव राखणाराच असल्यामुळे त्याला ते नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

माझा निर्णय मी येथेच सांगून टाकतो. भाडे हे काळाचे मूल्य आहे. महिनोन्महिने जे घेतले ते घर त्या काळात जुने होणार हे गृहीत धरूनच घेतले. मग निघण्याच्या दिवशी भिंती पिवळ्या पडल्या, फरशीची झिलई गेली, नळाची चकती झिजली म्हणून अनामतीतून पैसे कापणे म्हणजे एकाच काळाची किंमत दोनदा वसूल करणे होय. फोडलेले न्हाणीघराचे भांडे, जाळलेला ओटा, परवानगीवाचून पाडलेली भिंत यांची गोष्ट वेगळी. तेथे काळाने काही केलेले नाही, माणसाने केले आहे, आणि त्याने ते भरून द्यावे. खिळ्यांविषयी मात्र प्रामाणिक मतभेदाला जागा आहे. देवाच्या तसबिरीसाठी व घड्याळासाठी ठोकलेले चार खिळे मी राहण्याच्या स्वाभाविक व्यापारात धरीन. चाळीस खिळ्यांचे समर्थन कोणतेही दर्शन करणार नाही.

भाडेकरूने स्वतः केलेल्या भरीविषयी आपल्या स्मृतिकारांनी अधिक मोकळेपणाने विचार केला होता. भाडे देऊन परक्याच्या भूमीवर ज्याने घर बांधले त्याने निघताना गवत, लाकूड, विटा हे सर्व घेऊन जावे, परंतु भाडे न देता, मालकाच्या इच्छेविरुद्ध जो राहिला त्याने यांतले काहीही उचलू नये, असे नारद सांगतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने भाडे हे नुसते राहण्याचे मूल्य नसून जाताना ताठ मानेने आपले घेऊन जाण्याचा अधिकारही त्यातच विकत मिळतो. कौटिल्य त्याच्या स्वभावानुसार रोखठोक आहे: मना केल्यावरही राहणारा भाडेकरू आणि भाडे भरलेल्याला बाहेर काढणारा मालक या दोघांनाही तो दंड सांगतो, अपवाद फक्त शिवीगाळ, चोरी, दांडगाई, व्यभिचार आणि खोटा भोगवटा यांचा, आणि स्वतःहून मध्येच निघणाऱ्याकडून तो वर्षाचे उरलेले भाडेही वसूल करवितो. हा शेवटचा नियम मला कठोर वाटतो. पण भाडेकरू आणि मालक यांना एकाच वाक्यात, एकाच दंडाला पात्र ठरविण्याची त्याची रीत न्यायाची आहे.

घरमालकांच्या संशयालाही इतिहास आहे, आणि तो विसरून त्यांना केवळ लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने कित्येक खोल्यांची भाडी १९४० सालच्या मानाने गोठविली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक म्हणून ताब्यात होते त्यांना एका दुरुस्तीने भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. आपले घर एकदा दिले की गेले, ही धास्ती त्या पिढीच्या हाडांत शिरली. लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार, जबर अनामत, आणि मुदत संपल्यावर ताबा न सोडणाऱ्याकडून दुप्पट आकार वसूल करण्याची १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातील २४ व्या कलमाची तरतूद, या साऱ्यांमागे ती धास्ती आहे. परंतु ज्याने तुमचे घर बळकावले तो एक, आणि ज्याने मुदतीत किल्ली आणून दिली तो दुसरा. पहिल्याच्या पापाचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या अनामतीतून घेण्याचा अधिकार कोणत्याही स्मृतीने किंवा कायद्याने दिलेला नाही.

भाडेकरूंमध्येही एक रूढी बोकाळली आहे. शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे भाडे थकवून ‘अनामतीतून वळते करून घ्या’ असा निरोप पाठवायचा. मालक पैसे बुडवील ही भीती खरी असेलही. पण तो अन्याय करण्याआधीच त्याला शिक्षा करून ठेवण्याची ही युक्ती आहे, आणि तिच्यामुळे खरोखरीच मोडतोड झाली असेल तर ती भरून काढण्यास त्याच्या हाती काहीच उरत नाही. परस्परांनी परस्परांची ठेव राखावी हा ज्या व्यवहाराचा पाया, तेथे दोघांनीही आपली ठेव आधी काढून घेण्याची घाई केली म्हणजे न्यायाधीशाखेरीज तिसरा कोणी मध्यस्थ राहत नाही, आणि लघुवाद न्यायालयांच्या तारखा कशा पडतात हे वाचकांना सांगावयास नको.

म्हणून घर देणाऱ्यांना व घेणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. बिऱ्हाड आत येण्याच्या दिवशी उभयतांनी मिळून खोलीखोलीत फिरावे, फुटलेली फरशी, डाग, नळ, पंखे, कुलपे यांची यादी करून तीवर दोघांनी सह्या कराव्यात, आणि निघण्याच्या दिवशी तीच यादी हातात घेऊन पुन्हा फिरावे. भाडेकरूने शेवटच्या महिन्याचे भाडे व विजेचे बिल त्याआधी चुकते केलेले असावे. मालकाने, जे कापावयाचे त्याचा हिशेब पावत्यांसह लिहून, उरलेली रक्कम किल्ली हाती घेतानाच द्यावी. आणि त्या वेळी रक्कम जवळ नसेल तर, ती खर्च करून बसलो हे सरळ सांगून मुदत मागून घ्यावी. भिंतीवर डाग शोधत बसू नये.