तीन शेळ्यांचं चक्रवाढ व्याज

गालापागोस बेटांवर मी गेलेलो नाही. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर, ज्वालामुखींनी समुद्रातून वर काढलेली ती बेटं. आणि आमची रजेतली धाव महाबळेश्वरापर्यंत! पण वाचायला रजा लागत नाही.

1835 साली डार्विनसाहेब तिथे पाच आठवडे होते. जहाजातून एकेक बेट गाठायचं आणि उतरून पायपीट करायची. तिथल्या प्राण्यांना माणसाची भीतीच ठाऊक नव्हती. फांदीवरच्या एका शिकारी पक्ष्याला साहेबांनी चक्क बंदुकीच्या नळीने ढकललं. कासवाच्या पाठीवर बसून सवारीही केली. समुद्री इग्वाना म्हणजे आपल्या घोरपडीची सावळी चुलतबहीण. तिला त्यांनी पुन्हा पुन्हा पाण्यात फेकलं, तर ती दर वेळी पोहत त्यांच्याच पायाशी हजर. पाण्यात शार्क असतो आणि जमिनीवर शत्रू नसतो, ही तिची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. फेकणारा जमिनीवरच उभा आहे, हे तिच्या हिशेबात बसेना. केबिनमधून हाकललेला कारकून तोच अर्ज घेऊन तिथेच परत जातो, त्यातलाच प्रकार.

असो. मला सांगायचंय ते शेळ्यांचं. 1959 साली कोळ्यांनी पिंटा बेटावर तीन शेळ्या सोडल्या. तीनच हो! दहा-बारा वर्षांत त्या हजारोंनी झाल्या. असं चक्रवाढ व्याज आमच्या बँकेने दिलं असतं, तर मी काउंटरच्या पलीकडे उभा असतो. चारा त्यांनी खाल्ला, आणि तिथलं शेवटचं कासव, 'एकटा जॉर्ज', 2012 साली निपुत्रिक वारलं.

इसाबेला बेटावर तीच गत होऊ नये म्हणून 1997 ते 2006 या काळात मोहीम निघाली. हेलिकॉप्टरातून शेळ्या टिपल्या. हजारो गेल्या, पण उरलेल्या काही सापडेनात. तेव्हा एकेका शेळीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून तिला सोडून दिलं. शेळीला एकटं राहवत नाही. ती सोबत शोधत गेली, मागोमाग बंदूक गेली. सगळ्या मेल्या, ही उरली. मग बिचारी पुन्हा सोबत शोधायला निघाली.

कासवं जगायची तर शेळ्या जायलाच हव्या होत्या, हा हिशेब मला पटतो. शेळ्यांना तिथे आणलं माणसानेच, त्या काही तिकीट काढून आल्या नव्हत्या, तरीसुद्धा पटतो. घशाखाली उतरत नाही तो पट्टा.

त्याचं कारण खाजगी आहे. नोकरीला नवा लागलो तेव्हा आमचे एक साहेब मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजत. "काय म्हणतात मंडळी?" एवढंच विचारत. मी आपला खुशीत सांगायचो : डब्याच्या टेबलावर कोण काय बोललं, कोण कोणाची नक्कल करतं. तीन महिन्यांत त्या टेबलावरच्या चौघांच्या बदल्या झाल्या. चौघांनाही मी स्टँडवर पोचवायला गेलो. डोळे भरून आले होते हो माझे! आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर जाऊन बसलो.

हे मी हिला परवा प्रथमच सांगितलं. ती भाजी निवडत होती. "आणि त्या शेळीचं काय झालं पुढे?" तिने विचारलं.

म्हटलं, "अशा काही शेळ्या जिवंत ठेवल्या म्हणे. चुकून एखादी कुठे उरली असेल, तर सापडावी म्हणून."

ती काहीच बोलली नाही.

काल ऑफिसात नवा लागलेला एक पोरगा डबा घेऊन माझ्याशी आला. "काका, बसू का इथे?" मी सरकून जागा दिली. चहा तो कुठे घेतो, ते मात्र विचारायचं राहिलं.