रॉकेलचा वास आणि रुचीचे सत्य

जर्मनीत मोझेल नदीकाठी, पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर रीसलिंग द्राक्षे पिकतात. त्यांची पांढरी वाइन बाटलीत वर्षानुवर्षे मुरली की तिला बऱ्याचदा रॉकेलसारखा वास येऊ लागतो. एकाला तो दोष वाटतो, तर दुसरा त्याच वासासाठी बाटली राखून ठेवतो. आवड ज्याची त्याची, असे म्हणून आपण हा वाद मिटवतो. मला हे मिटवणे घाईचे वाटते, कारण त्यात दोन वेगळी विधाने एकत्र कालवली जातात. ‘मला आवडली’ हे बोलणाऱ्याविषयीचे विधान आहे. ‘चांगली मुरली आहे’ हे वाइनविषयीचे आहे, आणि ते चुकू शकते.

वासाचेच पाहा. तो टीडीएन नावाच्या संयुगाचा. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडांपासून आलेल्या घटकांतून ते मुरताना तयार होते, आणि उन्हात तापलेल्या घडांच्या वाइनमध्ये अधिक. वास खराच आहे. मात्र तो गुण की दोष, हे रसायन सांगत नाही. पारख तिथून पुढे सुरू होते. तो मधाच्या, सुक्या जर्दाळूच्या गंधात मिसळून राहतो की बाकी सगळे झाकून टाकतो? आउसलेझ प्रतीची वाइन निवडून खुडलेल्या, पूर्ण पिकलेल्या घडांची असते; तिच्या गोडीला तोलून धरणारा आंबटपणा अजून जिवंत आहे का? अशा प्रश्नांवर कारणे देऊन भांडता येते, आणि दुसऱ्या घोटानंतर आपले मत मागेही घ्यावे लागते. लहर अशी मागे घ्यावी लागत नाही.

तत्त्वज्ञ कांटला हे पटले नसते. कॅनरी वाइन रुचकर आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडावा, असे त्याने १७९० मध्ये लिहिले. जिभेच्या सुखापुरते ते मान्य करावे. पण गोड वाइन मुळीच न आवडणारा जाणकारही ‘ही आउसलेझ उत्तम आहे’ असे प्रामाणिकपणे म्हणू शकतो. त्या निवाड्यात त्याचे सुख कुठेच नसते. याहून बोचरा आक्षेप २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगाचा: पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला, तर ५४ जणांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला फसवले, हे खरेच. तरी दोरी साप भासली म्हणून दोरी नाहीशी होत नाही. भास ओळखता येतो तो दोरीमुळेच. म्हणून तर पारखी लोक बाटलीला कापड गुंडाळतात आणि काळ्या काचेच्या पेल्यातूनही चव घेऊन पाहतात.